खुर्चीवर ताई, कागदावर कोण?

(जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेली मांडणी. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजच्या चर्चेचा विषय 'बाई आणि सत्ता' असा ठेवलाय. या विषयावर बोलायला लागलं की आपण लगेच दोन टोकांना जातो. एक तर म्हणतो, "बाई पंतप्रधान झाली, राष्ट्रपती झाली, आता काय राहिलं?" नाहीतर गावातल्या सरपंचबाईकडे बोट दाखवून म्हणतो, "सही तिची, कारभार नवऱ्याचा." दोन्ही वेळा बाई नेमकं काय करते हे बघायचं राहूनच जातं. म्हणून मी आज एका बाईची जरा सविस्तर ओळख करून देणार आहे. इथे बसलेल्यांपैकी फार थोड्यांनी तिचं नाव ऐकलं असेल. शशिकला काकोडकर. गोव्यात त्यांना सगळे 'ताई' म्हणत, मीही तसंच म्हणणार आहे.

ऑगस्ट १९७३ ते एप्रिल १९७९ या काळात ताई गोवा, दमण आणि दीव या केंद्रशासित प्रदेशाच्या मुख्यमंत्री होत्या. देशात त्यांच्या आधी दोनच बायका मुख्यमंत्री झाल्या होत्या. १९६३ मध्ये उत्तर प्रदेशात सुचेता कृपलानी आणि १९७२ मध्ये ओरिसात नंदिनी सत्पथी. ताई तिसऱ्या. मराठीत कारभार करणारी, मराठीत सभा गाजवणारी मुख्यमंत्री बाई म्हणून दाखवायला आपल्याकडे ताईंशिवाय दुसरं नाव नाही. फुले दांपत्याचं नाव घेणाऱ्या आपल्या महाराष्ट्राला १९६० पासून आजवर एकही स्त्री मुख्यमंत्री मिळालेली नाही. हे नुसतं हळहळून सोडून देण्यासारखं नाही, याकडे आपण परत येऊ.

आधी तो प्रदेश कसा होता ते बघू. गोवा साधारण ३,७०० चौरस किलोमीटरचा, म्हणजे धुळे जिल्ह्याच्या निम्मा. राजधानी पणजी तिसवाडी तालुक्यात. या तिसवाडीला मांडवी, झुवारी आणि त्यांना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी असा पाण्याने वेढा घातलेला आहे. गुजरातच्या किनाऱ्याला दमण, आणि सौराष्ट्राच्या टोकाला दीव, हे तर सरळसरळ समुद्रातलं बेटच. चाळीस चौरस किलोमीटरच्या आतबाहेरचं. गंमत अशी की नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर दीव पणजीपेक्षा आपल्या धुळ्याला जवळ आहे! तरी तिथल्या कोळणीचं गाऱ्हाणं पणजीला जायचं. कारण दीवचा एक सदस्य आणि दमणचा एक सदस्य पणजीच्या तीस जणांच्या विधानसभेत बसत असे.

तीस जणांची विधानसभा. म्हणजे मोठ्या ग्रामपंचायतीसारखीच गत. लहान जागेचं राजकारण कसं असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. प्रत्येकाला प्रत्येकाचं घराणं माहीत. बाई बोलायला उभी राहिली की ती काय बोलते याआधी ती कुणाची लेक, कुणाची सून, हेच पाहिलं जातं. आणि दोन-तीन माणसं कुंपणावरून पलीकडे उडाली की कारभार कोसळतो. ताईंच्या वाट्याला हे सगळं आलं.

ताईंचा जन्म ७ जानेवारी १९३५ चा, पेडण्याचा. म्हणजे गोव्याच्या उत्तर टोकाला, सावंतवाडीला लागून. वडील दयानंद बांदोडकर, गोव्याचे 'भाऊसाहेब'. ते खाणमालक होते. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज गेले आणि १९६३ च्या डिसेंबरात गोव्यात पहिली निवडणूक झाली. ती महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने, म्हणजे मगोपने जिंकली आणि भाऊसाहेब पहिले मुख्यमंत्री झाले. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा ही पक्षाची मुख्य मागणी. पक्षाच्या मागे कोण होतं? कुळं, मजूर, भाटकाराच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणारे मुंडकार, थोडक्यात बहुजन समाज.

भाऊसाहेब ज्या गोमंतक मराठा समाजातून आले त्याबद्दल दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण आपल्या दृष्टीने तो या गोष्टीचा गाभा आहे. या समाजातल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या सेवेला वाहिलं जाई. गाणं, नाचणं, देवळातली कामं यांच्या नावाखाली लग्नाचा हक्क काढून घेतलेला. मुलाला बापाचं नाव नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून या समाजातल्याच लोकांनी ही प्रथा मोडायला घेतली, मुलींना शाळेत घातलं, लग्नं लावली. ज्या घरांमधून मुलींना अंगाला शेज लावून देवाला वाहत होते, त्या समाजातली लेक दोन-तीन पिढ्यांत राज्याच्या खुर्चीवर बसते. ताईंच्या मुख्यमंत्रिपदाला "बापाची पुण्याई" म्हणणाऱ्यांनी या बायकांची पुण्याईही मोजायला हवी.

१९६७ च्या १६ जानेवारीला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं, यावर लोकांनी मत दिलं. वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं पडली आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. मगोपची मुख्य मागणीच हरली. पण त्यानंतर लगेच झालेली विधानसभेची निवडणूक पक्षाने पुन्हा जिंकली. ताई याच निवडणुकीत पहिल्यांदा आमदार झाल्या. १९७२ ला पुन्हा निवडून आल्या, राज्यमंत्री झाल्या. १२ ऑगस्ट १९७३ ला भाऊसाहेब गेले आणि ताई मुख्यमंत्री झाल्या. वय अडतीस.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे बापाचीच खुर्ची ना! हो, बापाचीच. ते झाकायचं कारण नाही. आपल्या भागातल्या देशांकडे बघा. श्रीलंका या बेटावर १९६० साली सिरिमावो बंदरनायके जगातल्या पहिल्या स्त्री पंतप्रधान झाल्या, त्या नवऱ्याच्या खुनानंतर. आपल्याकडे इंदिराबाई नेहरूंची मुलगी. बाईला सत्तेचा दरवाजा उघडतो तो बहुतेक वेळा एखाद्या पुरुषाच्या तिरडीमागून. मात्र हाच प्रश्न मुलग्याला कुणी विचारत नाही. मुलगा बसला तर तो 'वारस', मुलगी बसली तर ती 'बापामुळे'. घराणेशाही वाईट असेल तर ती दोघांच्या बाबतीत सारखीच वाईट. आणि ताई खुर्चीवर बसल्या तेव्हा त्यांनी सहा वर्षं आमदारकी केलेली होती, वर्षभर मंत्रिपद सांभाळलं होतं.

दुसरा रस्ताही असतो. कॅरिबियन समुद्रात डॉमिनिका नावाचं बेट आहे. साडेसातशे चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याएवढं. तिथे युजेनिया चार्ल्स ही वकील बाई १९८० पासून १९९५ पर्यंत सलग पंतप्रधान होती. ती नवऱ्याच्या जागी आली नाही, बापाच्याही नाही. सरकारवर टीका करणाऱ्यांची तोंडं बंद करणारा कायदा १९६८ साली आला, त्याविरुद्धच्या चळवळीतून ती पुढे आली. म्हणजे लहानशा जागेत चळवळीच्या दाराने बाई सत्तेपर्यंत जाऊ शकते. फक्त ते दार आपोआप उघडत नाही.

वारशाचा विषय निघालाच आहे तर जरा थांबू. गोव्यात वारशाचा कायदा आपल्यापेक्षा वेगळा आहे. पोर्तुगीजांच्या काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यात आईबापांच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी सारखेच वारस. निम्म्या मालमत्तेवर मुलांचा हक्क असा बांधलेला की बापाला वाटलं तरी लेकीला पूर्ण डावलता येत नाही. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता दोघांची मिळून धरली जाते. हे ऐकून आपल्याला हेवा वाटतो. पण त्याच कायद्याच्या चौकटीत मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्या हाती राहिला. आणि १८८० च्या एका हुकुमाने हिंदू पुरुषाला विशिष्ट वयापर्यंत बायकोला मूल, किंवा मुलगा, झाला नाही तर दुसरं लग्न करायची सवलत दिली. तेव्हा कायद्याचं नुसतं नाव ऐकून हुरळून जायचं नाही, त्यातली कलमं वाचायची.

आपल्याकडे काय? महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलग्यासारखा वाटा दिला. २००५ ला तो देशभर झाला. २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलीचा हा हक्क जन्मापासूनचा आहे, २००५ ला बाप जिवंत होता की नव्हता याचा त्याच्याशी संबंध नाही. कायदा झाला. आणि प्रत्यक्षात? आखाजीला लेक माहेरी येते. झोका बांधतात, पुरणपोळी होते, लुगडं-चोळी होते. जाताना भाऊ तलाठ्याकडे घेऊन जातो. "ताई, एवढी सही कर, माहेर तुटायला नको." हक्कसोडीची सही. रावेर-यावलच्या केळीच्या बागा असोत नाहीतर साक्री-शिंदखेड्याची कोरडवाहू, सही तीच. आपल्या भागात बाईची सही सगळ्यात जास्त किमतीची ठरते ती हक्क सोडून देताना!

म्हणून ताईंच्या कारकिर्दीकडे मी याच नजरेने बघते. खुर्चीवर बाई बसली, तेव्हा कागदावर कुणाचं नाव चढलं?

आणि इथे ताईंचं काम ठळक उभं राहतं. १९७५ साली त्यांच्या सरकारने मुंडकार कायदा केला. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, जमीनदाराच्या जागेत त्याच्या परवानगीने घर बांधून राहणारा माणूस. नारळ काढायचे, बाग राखायची, घरी सणकार्य असलं की बायकांनी राबायला जायचं. भाटकाराची मर्जी गेली की उठ म्हटल्यावर उठायचं. घराचा मातीचा पायाही आपला नाही. या कायद्याने मुंडकाराला घराबाहेर काढायला बंदी आली आणि घराची जागा ठरावीक पद्धतीने विकत घ्यायचा हक्क मिळाला. दुसऱ्याच वर्षी, १९७६ ला, कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती केली. कसणारं कूळ हाच जमिनीचा मालक मानला जाईल, अशी ती दुरुस्ती. एका खाणमालकाच्या मुलीने भाटकारांच्या विरोधात जाऊन हे केलं. भाटकार गप्प बसले नाहीत. प्रकरण कोर्टात गेलं, वर्षानुवर्षं रेंगाळलं. कुळांची आणि मुंडकारांची कितीतरी प्रकरणं पुढच्या पिढीलाही लढवत बसावं लागलं.

मैत्रिणींनो, घरातून हाकलून देण्याची भीती कुणाला सगळ्यात जास्त असते? पुरुष कामाला जातो, मुंबईला जातो, बोटीवर जातो. चूल मांडलेली असते बाईची. भाटकाराच्या घरी "जरा ये गं" म्हटल्यावर नाही म्हणायची सोय नसते ती बाईला. म्हणून मुंडकार कायदा हा मला बायकांचा कायदा वाटतो, त्याच्या मथळ्यात बाईचा उल्लेख नसला तरी. पायाखालची जागा पक्की झाली की बाईच्या तोंडात 'नाही' हा शब्द येतो. आपल्या घरात मार खाणारी बाई पोलीस चौकीपर्यंत का जात नाही? "जाऊ कुठं?" हे तिचं पहिलं वाक्य असतं. हे तुम्ही सल्ला केंद्रात रोज ऐकता.

आणि तरीही मला ताईंच्या कारकिर्दीत एक मोठी पोकळी दिसते. खुर्चीवर बाई होती, पण तिच्या पाठीमागे बायका म्हणून संघटित झालेल्या बायका नव्हत्या. पक्षाच्या सभेला बायका येत, मतं देत, ताईंवर माया करत. 'ताई' या हाकेतच ती माया आहे. पण त्यांना जाब विचारणारी, त्यांच्यापुढे बायकांच्या मागण्या ठेवणारी, आणि वेळ आली की त्यांना सावरून धरणारी बायकांची ताकद उभी नव्हती. गोव्यात 'बायलांचो साद' हा स्त्रियांचा स्वायत्त गट सुरू झाला तो १९८६ साली. म्हणजे ताई पायउतार झाल्यावर सात वर्षांनी.

आता त्याच वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं ते आठवा. शहादा तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १९९८ ला. तिथे १९७२ ला श्रमिक संघटना उभी राहिली. भिल्लांच्या जमिनी सावकारांनी आणि बड्या शेतकऱ्यांनी गिळल्या होत्या, त्याविरुद्धचा तो लढा. त्या लढ्यात आदिवासी बायका पुढे होत्या. आणि लढता लढता त्यांनी स्वतःचा प्रश्न पुढे आणला. दारूचे गुत्ते फोडले, दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला गावापुढे उभं करून जाब विचारला. त्याच सुमाराला मुंबईत महागाईविरोधी समितीच्या बायका मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर लाटणी घेऊन रस्त्यावर होत्या.

ही दोन चित्रं शेजारी ठेवून बघा. १९७३ साल. पणजीत खुर्ची आहे, मागे बायकांची संघटना नाही. शहाद्यात बायकांची संघटना आहे, हातात खुर्ची नाही. पणजीत कायदा लिहिता येतो, पण तो बायकांच्या बाजूने वाकवायला कुणी नाही. शहाद्यात बायका गुत्ता फोडतात, पण दुसऱ्या दिवशी परवाना देणारा, फौजदाराची बदली करणारा, सातबारावर नाव चढवणारा सगळा पुरुषांचा कारभार. या दोन गोष्टींची गाठ त्या दशकात पडली नाही. ताईंच्या गोष्टीतून शिकायचं ते मला हेच वाटतं.

ही गाठ नसल्याचा अर्थ १९७९ ला कळला. १९७७ ला ताईंनी पक्षाला पुन्हा निवडून आणलं होतं, पण बहुमत अगदी काठावरचं. एप्रिल १९७९ मध्ये स्वतःच्याच पक्षातले आमदार फुटले, सरकार पडलं, राष्ट्रपती राजवट आली. १९८० च्या निवडणुकीत मगोपचा दारुण पराभव झाला. ताई काँग्रेसमध्ये गेल्या. पुढे तिथूनही बाहेर पडल्या, वडिलांच्या नावाने वेगळा पक्ष काढला, १९८४ ला त्याला यश आलं नाही, मग परत जुन्या पक्षात. ही धरसोड त्यांच्या नावाला चिकटली. पक्ष बदलणाऱ्या पुरुषाला लोक 'मुरब्बी' म्हणतात, बाईला 'चंचल' म्हणतात, हे खरंच. पण आपल्या बाजूने बोलायचं तर, ज्यांच्यासाठी कायदे केले त्यांची संघटना न बांधता माणूस आमदारांच्या आकड्यांवर राहिला की असंच होतं. त्यात बाई-पुरुष भेद नाही. आणि लक्षात घ्या, मथुरा खटल्याच्या निकालानंतर देशभर बायका रस्त्यावर उतरल्या त्या १९७९-८० मध्येच. चळवळ उभी राहिली आणि तेव्हाच ताईंची खुर्ची गेली होती.

ताईंचं पुढचं मोठं काम भाषेचं. १९८७ ला कोकणी गोव्याची राजभाषा झाली, त्या वादात ताई मराठीच्या बाजूने उभ्या राहिल्या. तो वाद गोव्यातल्या लोकांचा आहे, इथे बसून त्याचा निवाडा मी करणार नाही. १९९० ला त्या शिक्षणमंत्री होत्या, तेव्हा निर्णय झाला की सरकारी अनुदान मिळेल ते प्राथमिक शिक्षण कोकणी-मराठीतून देणाऱ्या शाळांनाच. २०११ ला सरकारने इंग्रजी शाळांनाही अनुदान द्यायचं ठरवलं, तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्या ताई भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या बॅनरखाली पुन्हा रस्त्यावर आल्या.

या प्रश्नाची एक बाजू आपल्या घरात आहे. पैसा कमी असला की मुलगा इंग्रजी शाळेत आणि मुलगी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत, हे खेडोपाडी दिसतं. मराठी शाळा मोडकळीला आली तर कुणाचं शिक्षण मोडतं? लेकीचं. म्हणून मराठी शाळा चांगली ठेवा ही मागणी बायकांच्या गटांनी केली पाहिजे. भाषेच्या अभिमानासाठी करणारे दुसरे खूप आहेत, आपण मुलींसाठी करू.

२८ ऑक्टोबर २०१६ ला ताई गेल्या. वय ८१. त्यांच्यानंतर गोव्यात दुसरी स्त्री मुख्यमंत्री झालेली नाही. २०२२ च्या निवडणुकीत चाळीसपैकी तीन बायका निवडून आल्या आणि त्या तिघींचेही नवरे त्याच निवडणुकीत त्याच सभागृहात निवडून आले. म्हणजे पन्नास वर्षांनंतरही दार तेच, घराण्याचं.

आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील ताईंपेक्षा जेमतेम तीन आठवड्यांनी मोठ्या. जन्म १९ डिसेंबर १९३४ चा. वडील वकील. १९६२ ला सत्ताविसाव्या वर्षी जळगावातून आमदार, मग एदलाबादमधून, ज्याला आता मुक्ताईनगर म्हणतात, १९८५ पर्यंत सलग. मंत्रिपदं सांभाळली, १९७९-८० मध्ये विरोधी पक्षनेत्या होत्या. मुख्यमंत्रिपद मात्र त्यांच्याकडे आलं नाही. २००७ ला राष्ट्रपती झाल्या. देशाचं सर्वोच्च पद बाईला देता येतं, पण ज्या खुर्चीवरून जमिनीचे, पोलिसांचे, कारखान्यांचे निर्णय होतात ती द्यायला हात आखडतो. महाराष्ट्राच्या २८८ आमदारांत २०२४ ला निवडून आलेल्या बायका पंचवीससुद्धा नाहीत. लोकसभा-विधानसभांत एक तृतीयांश जागा राखण्याची घटनादुरुस्ती २०२३ ला झाली, पण तिला जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेची अट बांधून.

मग आपल्या हाती काय आहे? खूप आहे. १९९३ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने गावाच्या खुर्च्या आपल्याला मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. पणजी आणि शहादा यांची जी गाठ १९७३ ला पडली नव्हती, ती पडायची जागा आता ग्रामपंचायत आहे.

ही नुसती कल्पना नाही, आपल्याच जिल्ह्यात हे घडलेलं आहे. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात १९८९ ला, म्हणजे आरक्षण यायच्याही आधी, बायकांचं अख्खं पॅनेल ग्रामपंचायतीवर निवडून आलं. त्या शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीत घडलेल्या बायका होत्या. पुढे संघटनेच्या 'लक्ष्मीमुक्ती' कार्यक्रमात याच गावात शंभराहून अधिक बायकांच्या नावावर नवऱ्यांनी जमिनीचा तुकडा करून दिला. तुकडा लहान असेल. पण बघा, तिथे तीन गोष्टी एकत्र आल्या. खुर्ची, खुर्चीमागे संघटना, आणि कागदावर नाव. ताईंकडे पहिली गोष्ट होती, शहाद्याच्या बायकांकडे दुसरी. आपल्याला तिन्ही हव्यात.

आता गटचर्चेला बसाल तेव्हा प्रत्येक गटाने चार प्रश्नांची उत्तरं गावाच्या नावासकट लिहून आणावीत.

एक. आपल्या गावात सरपंच किंवा सदस्य असलेली बाई ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायकांची महिला सभा घेते का? घेत नसेल तर तिला आपण कधी विचारलं का?

दोन. घरकुल मंजूर झालं, घरपट्टी भरली, त्या कागदावर नवराबायको दोघांची नावं आहेत का? नमुना आठ काढून बघा. तोंडी माहिती नको.

तीन. गेल्या आखाजीपासून गावात किती हक्कसोडी झाल्या? त्यातल्या एका तरी बहिणीला सही करण्याआधी आपल्या गटातली बाई भेटली होती का?

चार. आपली निवडून आलेली बाई अडचणीत आली, अविश्वास ठराव आला, नवऱ्याने घरात कोंडलं, सदस्य फुटले, तर तिच्या दारात उभ्या राहतील अशा किती बायका आपल्याकडे आहेत?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना आकडा फुगवू नका. ताईंच्या बाजूने एप्रिल १९७९ मध्ये बायका म्हणून एकही मोर्चा उभा राहू शकेल अशी संघटना गोव्यात नव्हती. आपल्या सरपंचबाईच्या बाबतीत ती असायला हवी. ती चुकली तर तिला जाब विचारायला हवी, आणि ती बरोबर असताना तिला पाडत असतील तर आडवी यायलाही हवी.

जेवणानंतर गटांची मांडणी ऐकू. सातबाराचे उतारे ज्यांनी आणलेत त्यांनी ते बाहेर काढून ठेवा.